दोनदा भाजलेल्या पोराचं गाव

शोमा नदीच्या खालच्या अंगाची माणसं पेरेपेचिनोच्या माणसांना अजून चिडवतात. जत्रेत गाठ पडली की विचारतात, "काय रे, यंदा पोरं नीट भाजलीत ना? की कच्चीच आणलीत?" पेरेपेचिनोचा माणूस यावर रागावत नाही. तो चिडवणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, "तुला मात्र एकदाच भाजलेलं दिसतंय." खालच्यांना वाटतं, ही आपली एक जुनी थट्टा. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की या नावामागे दोन बायकांचं वर्षभराचं वैर आहे, आणि तिसरीच्या हातून झालेली एक घोडचूक आहे.

त्या तिसरीचं नाव फेतिन्या. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, तिला आठवा महिना होता, आणि ती राहत होती त्या जागेला नावच नव्हतं.

जागा म्हणजे तरी काय, जंगल जाळून मोकळा केलेला एक उतार, त्यावर पाच घरं आणि खाली नदीकाठी एक न्हाणीघर. म्हातारा सिसोय चार वर्षांपूर्वी पाच कुटुंबं घेऊन, होड्या दोरांनी ओढत ओढत इथवर आला होता. खालच्या गावात जमीन पुरेनाशी झाली होती आणि भावाभावांत डोकी फुटायला लागली होती. येताना एक होडी खळाळात उलटली. माणसं वाचली, पण चार घरांच्या काथवटी नदीने गिळल्या. पाचवी तेवढी राहिली, माव्राची. ही माव्रा म्हणजे फेतिन्याची सासू.

आता काथवट गेली तर गेली, लाकूड काय जंगलात कमी आहे, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आयुष्यात पाव केलेला नसणार. पाव काथवटीत मळतात, पण फुगतो तो तिच्या लाकडात मुरलेल्या खमिरावर. माव्राची काथवट एका अख्ख्या खोडातून कोरलेली, चांगली खोल, झाकणाची. तिच्या आजीने तिच्यात पहिलं पीठ आंबवलं, तेव्हापासून तिच्या आतल्या अंगाला धुण्याचं पाणी लागलं नव्हतं. संध्याकाळी तिच्यात रायचं, म्हणजे आमच्याकडच्या गव्हासारख्या काळपट धान्याचं, पीठ नि कोमट पाणी घालावं, सकाळी झाकण उचलावं तर कणीक काठापर्यंत आलेली असायची.

चारी घरच्या बायका कणकेसाठी माव्राच्या दारात येत. ती गोळा देई, पण वर बजावून सांगे, "न्या, भाजा, खा. साठवायचा नाही. चार चुलींवर ठेवलेलं खमीर चार तऱ्हांनी नासतं." खरं कारण वेगळं होतं. पाच घरांचा पाव आपल्या हातून जातो याची तिला चटक लागली होती. फेतिन्यालासुद्धा ती काथवटीला हात लावू देत नसे, आणि का नाही ते सांगतही नसे. सुनेला कारणं सांगत बसायची माव्राच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

जागेला नाव द्या, असं लोक सिसोयला सारखे म्हणत. म्हातारा मान हलवायचा. "कशाचं नाव? इथे जन्मलेलं एक तरी पोर जगलंय का? गाव माणसांचं असतं बाबांनो, खड्ड्यांचं नाही."

तो बोलत होता ते खोटं नव्हतं. चार वर्षांत तिथे तीन मुलं जन्मली होती आणि फरच्या मोठ्या झाडाखाली तीन छोटे क्रूस उभे होते. त्यातला शेवटचा क्रूस लुकेर्याच्या मुलीचा, अगाशाचा.

लुकेर्याचं घर माव्राच्या घराला लागूनच. मागल्या वसंतात तिला मुलगी झाली ती अगदी अशक्त. आमच्याकडे अशा पोराला म्हणतात, आईच्या पोटात पुरतं भाजलं गेलं नाही, कच्चं राहिलं. त्यावर उपायही ठरलेला. रायच्या आंबट कणकेत पोराला नाकतोंड सोडून सगळं लपेटायचं, पाव सरकवायच्या लांब दांड्याच्या फळीवर ठेवायचं, आणि निवत आलेल्या कोमट भट्टीत तीनदा आतबाहेर करायचं. मग ते पुरतं होतं. लुकेर्याचा नवरा कोंद्रात धावत माव्राकडे कणीक मागायला आला. काथवट त्या दिवशी काठोकाठ भरलेली होती. पण दुसऱ्या दिवशी पेरणी सुरू व्हायची होती आणि पाच घरांच्या माणसांना पाव लागणार होता.

माव्रा जाऊन पोरीला बघून आली आणि म्हणाली, "ती काही जगत नाही. तिच्यापायी पेरणीच्या माणसांना उपाशी ठेवू?"

तिसऱ्या दिवशी अगाशा गेली. कणीक दिली असती तरी ती गेली असती की नाही, हे देवाला माहीत. पण दिली नव्हती, हे लुकेर्याला माहीत होतं. तेव्हापासून ती माव्राच्या दारात आली नाही. गोळा न्यायला कोंद्रात येई. क्षमा मागायच्या रविवारी, जेव्हा अख्खं जग एकमेकांपुढे वाकतं, तेव्हाही या दोघी आपापल्या घरात दार लावून बसल्या.

कोंद्रात माव्राकडे आला त्या दिवशी फेतिन्या काथवटीजवळच उभी होती. नवी नवरी, येऊन दोन महिने झालेले. तिचा हात झाकणावर होता. ती काही बोलली नाही. नवी सून सासूपुढे काय बोलणार! पण ते न बोलणं वर्षभर तिच्या मनात होतं, आणि आता स्वतःचं पोट पुढे आल्यावर ते जास्तच टोचायला लागलं होतं.

त्यात कोंद्रातने ठरवून टाकलं की नदीवरचं बर्फ फुटलं की आपण खाली परत जायचं. आणखी दोन घरं त्याच्यामागून जाणार होती. मग उरणार होती दोन. दोन घरांत गाव काय, धड भांडणसुद्धा होत नाही.

हे सगळं जाण्याचं बोलणं चाललं असतानाच एकदा फेतिन्या लुकेर्याकडे चाळण परत करायला गेली होती. आत पाऊल टाकताच तिला आंबट वास आला. भट्टीच्या सपाट, माणसाला झोपता येईल अशा उबदार माथ्यावर फडक्याखाली बर्चच्या सालीचा एक लहानसा डबा होता. लुकेर्याने झटकन पुढे होऊन तो भिंतीकडे सरकवला. फेतिन्याला कळायचं ते कळलं. लुकेर्या वाटेसाठी चोरून खमीर राखत होती.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार म्हणजे आमच्याकडे धुण्याचा गुरुवार. त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत घरातली बाकं, फळ्या, भांडी, माणसं, सगळं घासून स्वच्छ व्हायला हवं. माव्राची कंबर धरली होती, ती पडून होती; फेतिन्याचा नवरा लाकूड तोडायला दूर जंगलात मुक्कामी होता. फेतिन्याच्या मनात आलं, आपण उठावं आणि म्हातारी जागी व्हायच्या आत सगळं लखलखीत करून ठेवावं, तेवढंच एखादं बरं बोलणं ऐकायला मिळेल. तिने बाकं घासली. फळ्या घासल्या. मग काथवटीचं झाकण उचललं. आत करडा, वाळलेला, भेगाळलेला थर होता, बोटभर जाड.

फेतिन्याचा बाप जत्रेसाठी जवाची दारू गाळायचा. त्यांच्या घरचा पाव त्या दारूच्या फेसावर फुगायचा आणि काथवट दर गुरुवारी घासली जायची. तिला वाटलं, इतकी घाण! म्हणूनच हात लावू देत नव्हत्या, लाज वाटत असेल बिचाऱ्यांना. तिने राखेचं कढत पाणी ओतलं, मूठ मूठ वाळू घेतली आणि आत वाकून, पोट सांभाळत, लाकूड नव्यासारखं पिवळं होईपर्यंत घासलं. तीनदा खळबळून पाणी अंगणात फेकलं.

माव्रा उठली, कमरेवर हात ठेवून आली आणि काथवटीसमोर थांबली. आत डोकं घालून तिने वास घेतला.

"पाण्याचा वास येतोय," ती म्हणाली.

"मीच धुतली, आई," फेतिन्या आनंदाने म्हणाली. "वाळू लावून."

माव्रा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन बाकावर बसली. आजीची, आईची, स्वतःची अशी सगळी वर्षं अंगणातल्या बर्फात करड्या ओघळासारखी पसरली होती आणि कोंबड्या ती टिपत होत्या. मग ती म्हणाली, "पाच घरांचा पाव घालवलास गं, बये." फेतिन्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती दाराकडे वळली, आणि तिथेच तिच्या कमरेतून पहिली कळ निघाली.

शुक्रवारी सकाळी, आमच्या रीतीप्रमाणे न्हाणीघरात, पोर जन्मलं. मुलगा होता. एवढासा, एका तळहातात मावेल असा, नखं नसलेला. तो रडला नाही. तोंड उघडायचा आणि मिटायचा. सगळ्या घरांची बाळंतपणं माव्राच करायची. तिने त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"कच्चा आहे," ती म्हणाली.

"मग भाजा पुन्हा."

"कशाने? तुझ्या डोक्याने?" कालपासून दाबून ठेवलेला राग एकदम फुटला. "नुसतं पीठ लावून भागत नाही. जिवंत कणीक लागते! ती होती ना काल सकाळपर्यंत! तूच सांग आता कुठून आणू?"

"लुकेर्याताईकडे आहे," फेतिन्या म्हणाली. "भट्टीवर, बर्चच्या डब्यात. चोरून ठेवलंय तिने."

माव्राचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिला कोणत्या गोष्टीचा जास्त संताप आला, आपल्याला फसवून खमीर राखल्याचा, की आता तिच्याच दारात जावं लागणार याचा, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"तिच्याकडे? मी? कुठल्या तोंडाने जाऊ?"

फेतिन्याने पोराला छातीशी घट्ट बांधलं, वरून मेंढीच्या कातड्याचा कोट चढवला आणि भिंत धरत उभी राहिली.

"ए, वेडी झालीस? बाळंतीण आहेस तू! तीन दिवस उंबरा ओलांडायचा नसतो!"

"मग तुम्ही ओलांडा," फेतिन्या म्हणाली, आणि दार ढकलून बाहेर पडली.

न्हाणीघरापासून लुकेर्याच्या घरापर्यंत चढाची वाट, वितळत्या बर्फाची. फेतिन्या दोनदा बसली. दोन्ही वेळा पोराच्या नाकापाशी गाल नेऊन पाहिलं आणि उठली.

लुकेर्या दारातच होती. तिने बाळंतिणीला वाटेवर पाहिलं तेव्हाच तिला कळलं असणार, कारण तिने काय झालं म्हणून विचारलंच नाही. ती बाजूला झाली. आत कोंद्रात जाळं विणत बसला होता. फेतिन्या बाकावर टेकली आणि कोट उघडला.

"तुझ्याकडे खमीर आहे, ताई."

"कोण म्हणतं?"

"माझं नाक."

लुकेर्या पोराकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती. "माझ्या अगाशाच्या वेळी तुमची काथवट भरलेली होती. रिकामी नव्हती, गं. भरलेली होती."

"काठोकाठ होती. माझा हात झाकणावर होता."

"मग?"

"मी उचललं नाही झाकण." फेतिन्याला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. "उचललं असतं तर आईंनी मला हाकललं असतं, मारलं असतं, काय वाटेल ते केलं असतं. पण उचलता आलं असतं. मी नुसती उभी राहिले. हे तुला सांगायला मी वर्षभर येणार होते, आणि आज आले ते मागायला आले. तू नाही म्हणालीस तर मी तुला नावं ठेवणार नाही."

कोंद्रातने जाळं खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याने मनात आठ दिवसांची वाट आखून ठेवली होती. "डब्यात मुठीएवढा गोळा आहे," तो म्हणाला. "पोर झाकायचं तर पायलीभर पीठ त्यात घालायला हवं. आमच्याकडे पायलीच उरलीय, ती वाटेची. ती दिली तर आम्ही निघायचं कशावर?"

तेवढ्यात दारात धडपड झाली. माव्रा आत आली. तिच्या पाठीवर दोरीने बांधलेली काथवट होती, घासून पिवळी पडलेली, आणि काखेत पिठाची पिशवी. ईस्टरच्या पावासाठी तिने पेटीच्या तळाला जपून ठेवलेलं सगळं पीठ. तिने काथवट उतरवून जमिनीवर ठेवली, पिशवी तिच्यात ठेवली, आणि कंबर धरलेली ती बाई लुकेर्यापुढे गुडघ्यांवर बसली नि कपाळ जमिनीला टेकवलं.

"रविवारी आले नाही," ती म्हणाली. "आज आले. पीठ माझं घे. काथवट तुझ्याच घरात राहू दे, मला परत नको. मी त्या दिवशी पाव मोजले आणि पोर मोजलं नाही. मला क्षमा कर."

मग लुकेर्या म्हणाली, "क्षमा देव करेल. त्याला सवय आहे. माझ्याच्याने आज व्हायची नाही, माव्राकाकी, आणि खोटं मी बोलणार नाही." ती भट्टीवर चढली, डबा काढला, त्यावरचं फडकं सोडलं. आंबट, उबदार वास घरभर पसरला. "पण या पोराने माझं काय केलंय? कोंद्रात, बाहुल्यासारखा बसू नकोस, पाणी कोमट कर. आणि तू गं, चढ भट्टीवर, पोराला पोटाशी धरून पड. काकी, उठा आता. पीठ कोण चाळणार, मी?"

कोणीतरी सिसोयच्या कानावर घातलं, की येशूला क्रूसावर चढवलं त्या मोठ्या शुक्रवारी लुकेर्याच्या घरात पीठ मळताहेत, ज्या दिवशी कामाला हात लावणं पाप. म्हातारा म्हणाला, "ज्याचा शुक्रवार आहे त्याचं तो बघून घेईल." आणि आपल्या घरची मूठभर राय फडक्यात बांधून पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोन्ही घरांतूनही एकेक मूठ आली.

पण घासलेल्या लाकडात कणीक उठेना. संध्याकाळी झाकण उचललं तर ती होती तशीच, थंड, चिखलाच्या गोळ्यासारखी. लुकेर्याने काथवट भट्टीच्या माथ्यावर चढवली, फेतिन्याच्या आणि पोराच्या शेजारी, आणि वर आपली रजई टाकली. फेतिन्या फडक्याच्या टोकाने पोराच्या ओठांवर दुधाचे थेंब सोडत राहिली. एका अंगाला पोर, दुसऱ्या अंगाला काथवट. दोन्ही ऊब मागत होती आणि दोन्हीचा भरवसा नव्हता.

शनिवारी उजाडल्यावर तिने झाकणाला कान लावला. आत कोणीतरी ओठ उघडावेत असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा.

"ताई," तिने हाक मारली. "बोलतेय ती."

दुपारी भट्टी तापवून निवू दिली. माव्राने आत हात घालून ऊब पाहिली, मग कोपर घालून पाहिलं, मग गाल नेऊन पाहिला. फळी कोणी धरायची यावर काही बोलणं झालंच नाही, ती लुकेर्याच्या हातात होती. माव्राने कणीक थापली, पोराला तिच्यात लपेटलं, नाकतोंड मोकळं ठेवलं. रीतीप्रमाणे आईला बाहेर जाऊन खिडकीखालून विचारावं लागतं. फेतिन्या बाहेर गेली, खिडकी वाजवली.

"काय करताय गं, बायांनो?"

"पोर भाजतोय!" आतून लुकेर्याचा आवाज आला.

"भाजा, भाजा. नीट भाजा, कच्चं ठेवू नका."

फळी आत गेली, बाहेर आली. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा उत्तर आलं. तिसऱ्यांदा फेतिन्याने विचारलं, "काय करताय गं?" आणि आतून काहीच उत्तर आलं नाही.

तिने खिडकीच्या चौकटीला धरलं. मग आतून आवाज आला, पण तो बाईचा नव्हता. आधी एक शिंक, मांजराच्या पिल्लाएवढी. मग रडणं. चिरकं, रागावलेलं, थांबायचं नाव न घेणारं रडणं.

ती आत आली तेव्हा कणकेला भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून लालबुंद पाय बाहेर आला होता. माव्रा भिंतीकडे तोंड करून रडत होती. लुकेर्या फळी धरून तशीच उभी होती, तिच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "भाजलं गं. पुरतं भाजलं." पोरावरची कणीक सोलून रीतीप्रमाणे कुत्र्याला घातली. पोराचं सगळं दुखणं त्या कुत्र्याने खाल्लं म्हणतात. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला आणि शेवटपर्यंत खादाड होता.

आता शहाणे लोक म्हणतील, पोराला ऊब मिळाली म्हणून ते जगलं, त्यात कणकेचं काय! म्हणू देत. ती ऊब एका घरात मावणारी नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

काथवटीत जी कणीक उरली तिचे लुकेर्याने पाच गोळे केले आणि त्याच दिवशी घरोघरी पोचते केले. "साठवा," तिने सांगितलं. "नासला तर माझ्याकडे या, माझा नासला तर मी तुमच्याकडे येईन." माव्रा तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं, मग मिटलं. माव्राच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी नदीवरचं बर्फ फुटलं. कोंद्रातने होडीला डांबर लावलं, सामान बांधलं. लुकेर्या काठापर्यंत गेली आणि परत आली. "पोराने मान धरेपर्यंत थांबू," ती म्हणाली. पोराने मान धरली. मग म्हणाली, "पालथं पडेपर्यंत थांबू, फळी मी धरली होती, बघायला तर हवं." पोर पालथं पडायला लागलं तोवर पाणी उतरलं होतं आणि राय कापणीला आली होती, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच कणसं कमरेला लागत होती. कोंद्रातने होडी उलटी करून तिच्याखाली कोंबड्या ठेवल्या. बाकीच्या दोन घरांनी त्या कोंबड्या पाहिल्या आणि आपलीही गाठोडी सोडली.

पोराचं नाव त्रिफोन ठेवलं होतं, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नाही. सगळे म्हणत पेरेपेचा. म्हणजे पुन्हा भाजलेला. धुण्याच्या गुरुवारी आजही आमच्या बायका केरसुणीला हात लावण्याआधी शेजारणीच्या दारात कणकेचा गोळा नेऊन ठेवतात, तिने मागितला नसला तरी. आणि नव्या सुनेला पहिल्याच वर्षी सांगतात की बाई, काय हवं ते धू, काथवट सोड. कारणासकट सांगतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात मिठाची एक मोठी होडी वर चालली होती. लुकेर्या काठावर कपडे बडवत होती. थोड्या अंतरावर फेतिन्या बसली होती, आणि पेरेपेचा दोघींच्या मधल्या वाळूत, एकीचा हात सोडून दुसरीपर्यंत चार पावलं टाकायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. होडीवाल्याने वल्हं थांबवलं.

"ओ बाई! हे कुठलं गाव म्हणायचं?"

असं आधीही लोक विचारायचे, आणि उत्तर ठरलेलं असायचं, गाव कसलं, माणसं राहतात झालं. फेतिन्याला वाटलं, लुकेर्या आता तेच सांगणार, नाहीतर सिसोयला विचारा म्हणणार. म्हातारा वर ओट्यावर ऊन खात बसलेला दिसत होता.

लुकेर्याने बडवणं थांबवलं. तिने वर फरच्या झाडाकडे पाहिलं, जिथे तीन क्रूस होते आणि चौथा आला नव्हता. मग वाळूत पडलेल्या पोराला उचलून कमरेवर घेतलं.

"पेरेपेचिनो," ती म्हणाली.

"हे कसलं नाव?"

"इथे पोरं दोनदा भाजतात. एकदा आई भाजते, एकदा गाव भाजतं." ती हसली, आणि त्या हसण्याचा आवाज फेतिन्याने दोन वर्षांत पहिल्यांदाच ऐकला. "मीठ बरं आहे का तुझं? असेल तर होडी काठाला लाव. आमच्याकडे ताजा पाव आहे."

होडी काठाला लागली. फेतिन्या पाव आणायला वर निघाली. माव्रा अंगणात होती. फेतिन्याने तिला सांगितलं, लुकेर्याताईने गावाला नाव दिलं. माव्राने काय दिलं ते विचारून घेतलं.

"माझ्या दारचा पाव नको नेऊस," ती म्हणाली. "तिच्या घरून ने. तिचा चांगला फुगतो."